अठ्ठेचाळीस फुटांचा प्रश्न

डिसेंबरची ३ तारीख, म्हणजे जागतिक अपंग दिन, जवळ आली की महाराष्ट्रात गावोगावी एकाच साच्यातले कार्यक्रम उभे राहतात. मंगल कार्यालय किंवा शाळेचे पटांगण, पाठीमागे नेत्यांच्या छबींचा फ्लेक्स, समई, शाली, नारळ आणि एका बाजूला ओळीने लावलेल्या कोऱ्या तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे. व्यासपीठ चारेक फूट उंच, वर जायला कडेला अरुंद लोखंडी जिना. ज्यांच्या नावाने दिवस साजरा होतो त्यांतल्या कुबडीवाल्याला तो जिना झेपत नाही आणि चाकाच्या खुर्चीवाल्यासाठी तो नसल्यातच जमा. मग एक तर चार कार्यकर्ते खुर्चीसकट माणूस उचलून वर नेतात, नाही तर पाहुणे मोठ्या मनाने खाली उतरतात आणि टाळ्या त्या उतरण्याला पडतात. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातली विसंगती कुणाला टोचत नाही. उलट या कार्यक्रमांच्या बाजूने एक युक्तिवाद तयार असतो आणि तो वरवर पाहता समजूतदारही वाटतो. अपंग माणसांची नेहमीच्या कार्यक्रमांच्या गर्दीत आबाळ होते, त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम घेतला तर त्यांच्याकडे नीट लक्ष देता येते. शिवाय नेहमीच्या कार्यक्रमांना ती येतच नाहीत, तेव्हा तिथे सोयी करून पैसा कशाला वाया घालवा? प्रतिवाद करायचा आहे तो या युक्तिवादाचा. वर्षातून एकदा भरवलेला वेगळा मेळावा हा गावच्या गणेशोत्सवाचे, ग्रामसभेचे, नाट्यगृहाचे, वाचनालयाचे दार उघडण्याला पर्याय होऊ शकत नाही. आणि व्यवहारात तो बहुतेकदा ते दार बंद ठेवण्याची सबब होऊन बसला आहे.

आधी शब्दाबद्दल दोन वाक्ये. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांच्या भाषणातून आला आणि पाहता पाहता सरकारी खात्यांच्या पाट्यांवर चढला. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच त्याला हरकत घेतली होती. ज्याला साधा जिना नाकारला जातो त्याच्या अंगात दिव्यत्व शोधण्याची ही तऱ्हा त्यांना मानवली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही २०१९ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. महाराष्ट्राने २०२२च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला, ही गोष्ट स्वागताचीच होती. पण शब्द उंचावला म्हणून व्यासपीठ खाली आले नाही. या लेखात ‘अपंग’ हा जुना, रोखठोक शब्दच ठेवला आहे.

आता ‘येतच नाहीत’ या म्हणण्याकडे वळू, कारण बाकी सगळी इमारत त्यावर उभी आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशाचा आकडा २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगातल्या सुमारे १६ टक्के लोकांना या ना त्या स्वरूपाचे लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगते. भारतीय माणूस उरलेल्या जगाच्या सातपट धडधाकट आहे असे मानायचे नसेल, तर आपल्या मोजणीतच खोट आहे हे कबूल करावे लागते. त्या जनगणनेने अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले. २०१६चा अपंग हक्क कायदा एकवीस मानतो. घरातल्या मुलीचे नाव त्या रकान्यात घातले तर तिच्या बहिणीचे लग्न अडेल, या भीतीने न सांगितलेली नावे वेगळीच. आणि या हिशेबात म्हातारपण धरलेलेच नाही. महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे २०११ मध्येच दहा टक्क्यांच्या घरात होती. मराठी नाटकाच्या कोणत्याही रविवारच्या प्रयोगाला पहिल्या दहा रांगांकडे नजर टाकावी: तो प्रेक्षक कठडा धरून, गुडघ्यांना शिव्या घालत, मध्यंतरात खाली जायचे टाळून नाटक बघत असतो. त्याच्याकडे अपंगत्वाचा दाखला नाही, पण पायऱ्या त्याच्याही आड येतातच. तेव्हा सोयी कुणासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपल्या आईवडिलांना विचारावे.

पण संख्येचा वाद बाजूला ठेवला तरी ‘येतच नाहीत’ या वाक्यातला कार्यकारणभाव उलटा आहे. विहिरीवर येऊ दिले नाही आणि मग ही माणसे पाणी भरायला येतच नाहीत असे म्हटले, तर त्याला कोणी निरीक्षण म्हणणार नाही. आपला समाज तर हा युक्तिवाद चांगला ओळखून असायला हवा. जिथे चढता येत नाही, ऐकता-समजता येत नाही, लघवीला जाता येत नाही, तिथे माणूस दुसऱ्यांदा येत नाही; पहिल्यांदा आला असेल तर तीच त्याची चूक. शिवाय आपण सगळ्याच सोयी डोकी मोजून करत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात अग्निशामक नळकांडे ठेवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. गेल्या वीस वर्षांत या मांडवाला आग लागलेली नाही, सबब नळकांडे नको, असे म्हणणाऱ्या मंडळाला अधिकारी दारातूनच परत पाठवील. रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता मोकळा सोडावा लागतो. ती रोज येते म्हणून नव्हे. तिथे आपण शक्यतेची तजवीज करतो. चाकाच्या खुर्चीवर बसून आरतीला येणारा माणूस आगीपेक्षा तरी अधिक संभवनीय आहे.

आणि सोय केली की माणसे येतात याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीसाठी एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती. केंद्र शक्यतो तळमजल्यावर, दाराशी रॅम्प, चाकाची खुर्ची, मतदान यंत्रावर ब्रेलमधले आकडे, रांगेत प्राधान्य आणि ज्यांना येणे शक्यच नाही अशा चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना व पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरून मतदान. सगळीकडे हे नीट झाले असा दावा कुणी करणार नाही. कुठे रॅम्प म्हणजे नुसती तिरकी फळी होती, कुठे खुर्चीचे चाक फिरत नव्हते. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत स्नेहसंमेलनाला रॅम्प परवडत नाही, त्याच शाळेत मतदानाच्या दिवशी तो येतो. गाव तेच, शिपाई तोच. बदलले एवढेच की त्या दिवशी वरून लेखी सूचना असते, तपासणीची यादी असते आणि त्या माणसाच्या मताला इतरांएवढीच किंमत असते. दुसऱ्या दिवशी तो रॅम्प उचलला गेला तर मानायला हवे की आपल्याला त्याचे मत हवे होते, तो नको होता.

संयोजकांची सर्वांत प्रामाणिक तक्रार जागेची असते आणि तिच्याकडे नीट बघायला हवे, कारण सगळी गंमत तिथे आहे. रॅम्पचा मान्य चढ एकास बारा असतो. म्हणजे एक फूट वर जायचे तर बारा फूट लांबी हवी. चार फुटी व्यासपीठाला अठ्ठेचाळीस फूट, त्यात मध्ये दम खायला एक सपाट टप्पा. म्हणजे पन्नाशीच्या पुढेच. मांडववाला हा आकडा ऐकून हसतो आणि तीन फूट लांबीची फळी टाकून देतो. त्या फळीवरून खुर्ची ढकलणे म्हणजे माणूस मागे कलंडवण्याची हमखास युक्ती. गणित चुकीचे नाही, प्रश्न चुकीचा आहे. रॅम्प अठ्ठेचाळीस फूट का, याच्याऐवजी व्यासपीठ चार फूट का, हे विचारायला हवे. पूर्वी शेवटच्या रांगेला वक्ता दिसावा म्हणून उंची लागे. आज तालुक्याच्या कार्यक्रमालाही मागे भला मोठा एलईडी पडदा असतो आणि शेवटची रांग त्यावरच बघत असते. मग ती उंची उरली कशासाठी? पाहुण्यांच्या मानासाठी. व्यासपीठ दीड फुटावर आणले की अठरा फुटांचा रॅम्प पुरतो आणि तो मागच्या बाजूने वळवून घेता येतो. छोट्या कार्यक्रमात तर व्यासपीठच नको. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या की सगळे एका पातळीवर येतात. अपंगांच्या कार्यक्रमातली सर्वांत महागडी अडचण ही अशी मानपानातून जन्मलेली आहे, बांबू आणि फळ्यांतून नव्हे.

रॅम्प म्हणजेच सुगम्यता, हा आणखी एक सोयीस्कर समज. रॅम्प फोटोत दिसतो म्हणून त्याचे महत्त्व वाढले आहे. पण माणूस कार्यक्रमाला टिकतो की उठून जातो ते ठरते भलत्याच गोष्टींवर. मैदानात आणून उभे केलेले फिरते शौचालय गाडीच्या सांगाड्यावर असते. त्याला तीन-चार उंच लोखंडी पायऱ्या आणि आत वळायलाही जागा नाही. अपंग बाईने सहा तासांच्या कार्यक्रमाला यायचे तर सकाळपासून पाणी न पिणे हाच तिचा उपाय. जनरेटरच्या जाड केबली वाटेत आडव्या टाकलेल्या असतात, त्यांवर रबरी झाकण नसते. हिरवा गालिचा ताणून न ठोकल्याने त्याच्या चुण्यांत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात आणि पांढऱ्या काठीला भलताच निरोप मिळतो. रांगेसाठी बांधलेल्या बांबूंच्या कठड्यातली वाट एका माणसापुरती. ध्वनिवर्धकांची भिंत अशी की स्वमग्न मुलाचे आईवडील त्याला घेऊन गल्लीबाहेर जाऊन उभे राहतात. रोज संध्याकाळी एक तास आवाज निम्म्यावर आणायला काहीही खर्च येत नाही, उलट विजेचे बिल वाचते. आणि निमंत्रण! ते हल्ली व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरते. अंध माणसाच्या फोनमधला वाचक त्या चित्रापाशी येऊन गप्प बसतो. चित्राखाली तोच मजकूर टाइप करून टाकला आणि त्यात पायऱ्या किती, स्वच्छतागृह कसे, गाडी कुठपर्यंत येते हे खरेखुरे लिहिले, तरी अर्धे काम होते. अडचण आधी ठाऊक असली की माणूस काही तरी जुळवतो. दारात आल्यावर कळली की परत फिरतो.

बहिऱ्या माणसांची गोष्ट यातही मागे राहते, कारण त्यांचे अडणे डोळ्यांना दिसत नाही. त्यांना पहिल्या रांगेत बसवले की आपले कर्तव्य संपले असे वाटते. ती बिचारी दोन तास ओठ हलताना बघत बसतात. खुणांची भाषा ही मराठीच हातांनी बोलण्याची पद्धत नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्या भाषेत वाढलेल्या माणसाला लेखी मराठी परकी वाटू शकते. त्यासाठी दुभाषी लागतो, लांब कार्यक्रमाला आलटून-पालटून दोन लागतात, आणि त्यांच्यावर दिवा लागतो. दीपप्रज्वलनाच्या वेळी सभागृह अंधारले की बहिऱ्यांसाठी निवेदकाचा आवाजच बंद होतो, एवढे तरी संयोजकाला सुचायला हवे. दुभाषे कमी आहेत, ही हरकत खरी आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण करणारी केंद्रीय संस्था दिल्लीत निघाली तीच २०१५ मध्ये. पण मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि मागणी नसेल तर दुभाष्याच्या धंद्यात कोण पडणार? ढोलपथकांना सुपाऱ्या मिळू लागल्या तेव्हा ढोलपथके वाढली.

आता त्या वाटप शिबिरांकडे. साहाय्यक साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासूनची आहे आणि तिने लाखो लोकांना हिंडते-फिरते केले, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. हरकत साधनाला नाही, सोहळ्याला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रयागराजला एकाच शिबिरात पंचवीस हजारांहून अधिक लोकांना साधने वाटली गेली आणि त्या निमित्ताने जागतिक विक्रमही नोंदवले गेले. दाखल्यावर हक्काने मिळणारी वस्तू हस्तांतरित करायला विक्रम कशाला हवा? रेशनचे धान्य घेताना कुणी शाल पांघरत नाही. जे साधन तालुक्याच्या रुग्णालयात मापे घेऊन, बसवून, दुरुस्तीच्या चिठ्ठीसह मिळायला हवे, ते मांडवात मोजमाप न बघता हातात पडते आणि सहा महिन्यांनी टायर फुटला की दारामागे जाते. पण याहून मोठा प्रश्न सायकल मिळाल्यावर सुरू होतो: ती न्यायची कुठे? चावडीला पायऱ्या, वाचनालय पहिल्या मजल्यावर, बँकेच्या दारात उंबरठा, नाट्यगृहात खुर्चीची जागा नाही. वाहन वाटले आणि सगळी मुक्कामाची ठिकाणे बंद ठेवली, अशी ही कथा आहे. तीच तऱ्हा सत्कारांची. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. त्यांच्यावर चित्रपट आल्यावर आता ते सर्वांचे स्फूर्तिस्थान झाले. ठीकच आहे; पण ज्या नगरपालिकेच्या सभेत त्यांच्या नावाने टाळ्या पडतात तिच्या तलावात अपंग मुलाला पाण्यात उतरवणारी साधी सोय आहे का, एवढेच तपासावे. स्फूर्ती घेणे फार स्वस्त असते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो अपंग चळवळीतूनच येतो. वेगळे एकत्र जमणे हे नेहमीच दूर लोटणे नसते. बहिरी माणसे एकमेकांना भेटतात तेव्हाच त्यांची भाषा जगते. अंधांच्या बुद्धिबळ स्पर्धेला कुणी भेदभाव म्हणत नाही. हे पूर्णपणे मान्य. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक अंध वाचकांसाठीच आहे आणि ते तसेच असायला हवे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून जी संस्था उभी केली, तिथे अपंगांनी अपंगांसाठी काय असावे ते ठरवले. फरक नेमका इथे आहे. जे जमणे अपंग माणसे स्वतःच्या गरजेने, स्वतःच्या हाती सूत्रे ठेवून करतात, ते त्यांचे मंडळ आहे. इतरांना जशी जातीची, गावची, धंद्याची मंडळे असतात तसे. आणि जे आपण त्यांच्यासाठी भरवतो, ज्याची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि ज्यात माइक शेवटपर्यंत त्यांच्या हाती येत नाही, ते दुसरेच काही तरी आहे. दोन्हींना ‘दिव्यांग मेळावा’ हे एकच नाव दिल्याने घोटाळा होतो.

गोव्याचा पर्पल फेस्ट या वादातला सर्वांत चांगला नमुना म्हणून पुढे केला जातो. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या अपंग आयुक्त कार्यालयाने पणजीत तो प्रथम भरवला आणि त्याने देशभराचे लक्ष वेधले. देशाच्या सर्व भागांतून अपंग माणसे आली, खेळली, गायली, भांडली. मोठ्या उत्सवाची आखणी सुरुवातीपासूनच सर्वांसाठी करता येते हे दिसले. त्याचे मोल मी याच कारणासाठी मानतो. पण त्यावरून वेगळा उत्सव हेच उत्तर, असा निष्कर्ष काढणे म्हणजे प्रयोगशाळेतच संसार थाटणे. पर्पल फेस्टची परीक्षा पर्पल फेस्टमध्ये होत नाही. ती शिगम्याच्या मिरवणुकीच्या कडेला, कार्निव्हलला, जत्रेला आणि तियात्राच्या थिएटरात होईल. त्याच पणजीत २०२२च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ॲटनबरोंचा ‘गांधी’ श्राव्य वर्णन आणि अक्षरपट्ट्यांसह दाखवला गेला. नेहमीच्याच उत्सवाच्या पोटात शिरलेले हे पाऊल मला अधिक टिकाऊ वाटते, कारण अंध प्रेक्षकाला तिथे आपल्या डोळस मित्राबरोबर एकाच ओळीत बसून तोच चित्रपट पाहता येतो आणि बाहेर पडून त्यावर वाद घालता येतो.

हे सगळे सदिच्छेचे विषय आहेत, सक्ती कशाला, असा सूर नंतर लागतो. पण हा विषय सदिच्छेच्या हद्दीतून केव्हाच बाहेर पडला आहे. भारताने अपंग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला २००७ मध्ये मान्यता दिली. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या अपंग हक्क कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क सांगते आणि त्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक संस्थांवर टाकते. कलम ४५ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७चे, म्हणजे मुदत २०२२च्या जूनमध्येच संपली. कायदा मोडणाऱ्याला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. एवढे असूनही पान हलेना, त्याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४च्या राजीव रतुरी निकालात नेमके पकडले. कायदा ‘करावेच’ म्हणतो आणि नियम १५ मधली मानके मात्र ‘केले तर बरे’ अशा सुरात लिहिलेली आहेत, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने तीन महिन्यांत सक्तीची मानके बनवायला सांगितले. सल्ल्याच्या भाषेत लिहिलेल्या हक्काचे काय होते हे न्यायालयाने सात वर्षांच्या अनुभवावरून सांगितले आहे. आपल्या गल्लीतल्या मंडळाला मात्र अजून सल्लाच पुरेल अशी आशा वाटते.

छोट्या मंडळांवर हा बोजा पडेल, वर्गणीवर चालणारी पोरे कुठून पैसे आणणार, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण गावाचे सांस्कृतिक आयुष्य याच पोरांच्या खांद्यावर आहे. पण वर मोजलेल्या गोष्टी पुन्हा बघाव्यात. टाइप केलेले निमंत्रण, ठोकलेला गालिचा, झाकलेल्या केबली, रुंद केलेली वाट, बुटके व्यासपीठ, शांत तास: यांत पैसा लागतो तो किरकोळ, आणि बुटक्या व्यासपीठाने तर तो वाचतो. खर्चाच्या खऱ्या बाबी दोनच, सुगम्य शौचालय आणि दुभाषी. त्या एकेका मंडळाने पेलायच्या नाहीतच. नगरपालिकेने प्रत्येक प्रभागासाठी दोन-तीन सुगम्य फिरती शौचालये घेऊन ठेवावीत आणि पाण्याच्या टँकरसारखी मागेल त्या कार्यक्रमाला पाठवावीत. इथे पैसा नाही ही तक्रार तर मुळीच टिकत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. तो अनेक ठिकाणी मार्च तोंडावर आला की आठवतो आणि मग घाईघाईने वस्तू वाटून किंवा खात्यात थोडेफार पैसे टाकून संपवला जातो. या निधीचे काय करायचे हे जिथे ठरायला हवे ती ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असतात. पण सभा भरते ती पायऱ्या असलेल्या सभागृहात, आणि ज्यांचा निधी त्यांच्यातला एखादाच दाराबाहेर झाडाखाली बसून आत काय चालले आहे याचा अंदाज घेत असतो. ग्रामसभा पटांगणात, सावलीत घ्यायला किती खर्च येतो?

परंपरेचा मुद्दा थोडक्यात संपवतो, कारण तो मांडणारेही मनापासून मांडत नाहीत. कष्टाने पायऱ्या चढण्यातच पुण्य आहे, असे म्हणतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. शेकडो पायऱ्या चढून जाणारे आजही चढतात. ज्यांना चढता येत नव्हते ते बसून जातात. देवीने कुणाला परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.

राहता राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची, आणि त्याला वेळही नेमकी आली आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. जो उत्सव राज्याचा, त्याला देशाचा कायदा लागू करण्यात संकोच नसावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये ऐन भरात असेल. घाट, तंबू, तात्पुरत्या शौचालयांच्या निविदा आधी निघतात आणि तक्रारी नंतर येतात, तेव्हा मापे निविदेतच लिहावी लागतील. मोठ्यांचे मोठे पाहतील. मंडळांपुरते बोलायचे तर मांडवाच्या परवानगीच्या अर्जात आज अग्निशामक यंत्रणा, विजेची जोडणी, सोडलेल्या रस्त्याची रुंदी हे रकाने आहेतच. त्यांच्याखाली आणखी तीन छापावेत: व्यासपीठाची उंची किती, रॅम्पची लांबी किती, आणि हा अर्ज भरण्यापूर्वी प्रभागातल्या कोणत्या अपंग रहिवाशाने जागा पाहून सही केली. पहिल्या वर्षी दुसऱ्या रकान्यात कुणी तरी तीन फूट असे लिहीलच. लिहू द्यावे. तिसऱ्या रकान्यात ज्याची सही लागणार आहे, तो त्या फळीवरून चढून दाखवा म्हणेल.